पट्ट्याबाहेरची सायकल

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, केस कापायचे. पण दुकानात बसून नाही. जे अंथरुणातून उठू शकत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन. कुणाला पक्षाघात झालेला, कुणाच्या मांडीचं हाड मोडलेलं, कुणाला नुसतंच म्हातारपण आलेलं. आधी ते एका सलूनमध्ये होते. तिथलं एक जुनं गिऱ्हाईक आजारी पडलं म्हणून त्याच्या घरी गेले, तिथून शेजारच्या घरी, आणि असं करत करत सलून सुटलंच. सलूनमधले सोबती त्यांना ‘घरपोच’ म्हणायला लागले. आधी चेष्टेने, मग तेच नाव पडलं. ताईला ते आवडायचं नाही. भाऊजींना आवडायचं.

आडव्या माणसाची दाढी करणं सोपं नसतं. टॉवेलची गुंडाळी करून मानेखाली घालायची, उशीवर प्लास्टिक अंथरायचं, पाणी कोमट करून घ्यायचं. गालाची कातडी सैल पडलेली असते, ती डाव्या हाताच्या दोन बोटांनी ताणून धरायची. गळ्याशी आलं की थांबायचं, माणूस आवंढा गिळेपर्यंत वाट बघायची, आणि मगच पातं टेकवायचं. हे सगळं करताना भाऊजींचं तोंड चालू असायचं. कोपऱ्यावरच्या इमारतीला कोणता रंग दिला, कुणाच्या गॅलरीत नवा पिंजरा आला, असल्या बातम्या. ज्यांना खिडकीपलीकडचं काही दिसत नाही त्यांना ते घरबसल्या गाव फिरवून आणायचे. एका आजोबांच्या डोक्यावर तर एकही केस उरला नव्हता, तरी ते दर महिन्याला बोलवायचे. भाऊजी कात्री हवेतल्या हवेत चालवायचे, आणि आजोबा आरशात बघत सांगायचे, ‘मागून जरा लांब ठेवा हं.’

त्यांचा सगळा फिरता संसार सायकलवर होता. हँडलला अडकवलेली चामड्याची पिशवी, तिच्यात वस्तरे, कात्र्या, फणी, टॉवेल. मागे कॅरिअरवर घडीचं प्लास्टिक आणि एक छोटं घमेलं.

बेकरीच्या वर राहणारे बाबा हे त्यांचं आठवड्याचं गिऱ्हाईक. पक्षाघाताने बाबांची वाचा गेली होती आणि उजवी बाजू लुळी पडली होती. मुलगा खाली बेकरी चालवायचा. बाबांचा पलंग त्याने मुद्दाम खिडकीला लावून ठेवला होता, कारण भाऊजींचा यायचा वार त्यांना बरोबर कळायचा आणि सकाळपासून ते खाली बघत पडायचे.

त्या रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी हिरवा पट्टा रंगवलेला आहे. बेकरीचा माल सकाळी उतरायचा, आणि पावाचे क्रेट आणि मैद्याची पोती सरळ त्या पट्ट्यावर रचली जायची. दुसरीकडे जागाच नव्हती. सायकलवाले तिथे आले की पट्टा सोडून रस्त्यावर उतरायचे आणि क्रेट संपले की परत पट्ट्यावर चढायचे. कुणाची तक्रार नव्हती. भाऊजींचीही नव्हती.

त्या सकाळी ते असेच खाली उतरले, आणि पुढे उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडलं.

पुढचं भाऊजींना काहीच आठवत नाही. कोपऱ्यावर वळलो, वर बाबांची खिडकी दिसली, एवढं ते सांगतात. त्यानंतरची आठवण थेट इस्पितळाच्या छताची. डोक्याला मार होता, तो भरून आला. पण उजवं कोपर दाराच्या कडेवर आपटून आतली नस चिरडली होती. डॉक्टरांनी हाड जोडलं. नशिबाविषयी बोलावं तसं ते नसेविषयी बोलले. येईल, कदाचित हळूहळू येईल, कदाचित अर्धीच येईल.

गाडीवाली बाई इस्पितळात आली होती. चाळिशीची, कामावर जायच्या कपड्यांत, बाहीवर वाळलेलं रक्त तसंच. रस्त्यावर सांडलेल्या कात्र्या तिने एकेक वेचून पिशवीत भरून आणल्या होत्या. ताईच्या हातात पिशवी देऊन ती बाकावर बसली आणि बराच वेळ रडली. मला फार वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय, एवढंच म्हणत राहिली. शेवटी ताईनेच तिला पाणी आणून दिलं.

मग पोलीस आले. त्यांच्या पंचनाम्यात लिहिलं होतं की सायकलचा पट्टा मोकळा असताना सायकलस्वार पट्ट्याबाहेरून, मुख्य रस्त्यावरून चालला होता. ताई म्हणाली, अहो, तिथे रोज क्रेट असतात. हवालदार भला माणूस होता, त्याने वाद घातला नाही. मी पोचलो तेव्हा तिथे एक क्रेटही नव्हता, म्हणाला. आणि ते खरं होतं. भाऊजींना घेऊन रुग्णवाहिका निघाली आणि पोलीस आले, त्या मधल्या वेळात पट्टा कुणीतरी मोकळा करून टाकला होता. चौकात कॅमेरा होता, पण त्याचं तोंड सिग्नलकडे.

माझी ड्युटी दुपारची असल्यामुळे सकाळच्या सगळ्या फेऱ्या माझ्याकडे आल्या. भाऊजींना सही करता येत नव्हती, शर्टाची बटणं लावता येत नव्हती. इस्पितळातल्या एका नर्सने मोफत कायदेशीर मदत केंद्राचा पत्ता दिला. ते वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. लहानशी खोली, आणि खोलीच्या बरोबर मध्ये एक खांब. दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसलं की वकीलबाई दिसायच्या, दुसरीवर बसलं की खांब दिसायचा. भाऊजी न चुकता खांबासमोर बसायचे आणि बोलताना मान वाकडी करायचे. मी जागा बदलू म्हटलं तर म्हणायचे, असू दे.

वकीलबाई तरुण होत्या, पण आवाज दमलेला. गोड बोलून आशा लावायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी आधी कायदा समजावून सांगितला. गाडीचं दार उघडणाऱ्याने मागून कुणी येतंय का ते बघायचं असतं. चालवणारा असो की मागे बसलेला, जबाबदारी त्याचीच. यात शंका नाही. सायकलवाल्यानेही, जिथे पट्टा आहे तिथे पट्ट्यातूनच जायचं असतं. पट्टा अडवलेला असेल तर तो बाहेर येऊ शकतो, त्याला दोष लागत नाही.

“पण अडवलेला होता हे सांगणार कोण?” त्या म्हणाल्या.

सोबत आलेल्या ताईने गाडीवाल्या बाईच्या रडण्याबद्दल सांगितलं. वकीलबाईंनी विचारलं, ‘माझं चुकलं’ असं म्हणाली का?  ताईला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, “नाही. वाईट वाटतंय म्हणाली.” वकीलबाईंनी मान हलवली. वाईट वाटणं म्हणजे कबुली नव्हे. आणि आता ती बाई बोलणारही नव्हती. तिच्या विमा कंपनीचा वकील तिच्यातर्फे बोलत होता, आणि त्याचं म्हणणं होतं की दार आधीपासून उघडंच होतं, सायकल वेगात येऊन त्यावर आदळली. हँडलला जड पिशवी लटकवल्यामुळे चालवणाऱ्याचा तोल गेला असणार, हेही त्याने जोडलं होतं. हँडलला अशी पिशवी लावणं नियमात बसत नाही, हे मात्र खरंच होतं. भाऊजींना ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

“बेल वाजवली होती का तुम्ही?”

“मी नेहमी वाजवतो तिथे.”

“त्या दिवशी?”

भाऊजींनी मान वाकडी करून खांबाआडून त्यांच्याकडे बघितलं. “आठवत नाही.”

“मग ‘नेहमी वाजवतो’ एवढंच म्हणा. ‘वाजवली’ म्हणू नका.”

त्या दिवसापासून भाऊजींच्या डोक्यात भुंगा शिरला. जेवताना मध्येच थांबायचे. मी बघत होतो का समोर, की वर खिडकीकडे बघत होतो? असं विचारायचे, ताईला, मला. आम्ही काय सांगणार? आम्ही तिथे नव्हतो. दुसऱ्याची चूक असती तर त्यांनी ती सोसली असती, रागावले असते, विसरले असते. पण चूक कुणाची हेच ठाऊक नाही म्हटल्यावर रागावणार तरी कुणावर?

हात गळ्यात बांधलेला असतानाच ते बेकरीत गेले. मी सोबत होतो. बाबांच्या मुलाने भाऊजींना बघितलं आणि हातातलं काम टाकून बाहेर आला, खुर्ची दिली, हात कसा आहे विचारलं. पण नजर भाऊजींच्या बुटांवर. भाऊजी म्हणाले, आधी बाबांना भेटतो.

जिना अरुंद आणि उभा. वर बाबा पडले होते. मध्यंतरी कुणाकडून तरी दाढी करून घेतली होती, हनुवटीखाली दोन ठिकाणी कापल्याच्या खुणा होत्या. भाऊजी दारात दिसले तसे बाबांनी डावा हात उचलला आणि खिडकीच्या काचेवर मारायला सुरुवात केली. काचेवर मारायचे, खाली रस्त्याकडे बोट करायचे, भाऊजींकडे बघायचे, पुन्हा मारायचे. तोंडातून नुसता घोगरा आवाज. डोळ्यांतून पाणी. भाऊजी पलंगाशी बसले आणि त्यांनी तो हात आपल्या डाव्या हातात धरला.

“बाबांनी बघितलंय,” ते म्हणाले.

मुलगा दारात उभा होता. म्हणाला, ते आता रोज असंच करतात. खालून कुणाची सायकल गेली की काच बडवतात.   आणि मग, आम्ही विचारायच्या आत, त्याने स्वतःच सांगितलं.

“मीही बघितलंय, दादा. तुम्ही क्रेटना वळसा घालून आलात. दार एकदम उघडलं. तुम्हाला जागाच नव्हती.” आणि थोड्या वेळाने, “क्रेट मीच उचलले. तुम्हाला रुग्णवाहिकेत घातलं आणि मी आत जाऊन पोरांना म्हटलं, आधी पट्टा रिकामा करा.”

पट्ट्यावर माल ठेवल्याबद्दल पालिकेने त्याला आधीच ताकीद दिली होती, एकदा नव्हे. पुढच्या वेळी परवाना रद्द होणार होता. दुकान गेलं तर वरचं घरही जाणार, कारण घर दुकानाच्याच भाड्यात होतं. बाबांना घेऊन कुठे जाऊ, त्याने विचारलं. या जिन्यावरून त्यांना खाली उतरवायला चार माणसं लागतात, हे तुम्हाला माहीत आहे. भाऊजींना माहीत होतं. एकदा त्या चारांपैकी एक ते स्वतः होते.

 त्यांनी फणी कुठे आहे विचारलं, आणि डाव्या हाताने बाबांचे केस विंचरले. भांग वाकडा पडला. पुन्हा पाडला, पुन्हा वाकडा.

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाबांची साक्ष होईल का, मी विचारलं. त्यांना सगळं कळतं असा डॉक्टरांचा दाखला लागेल, म्हणाल्या, आणि मुलाचं सहकार्य लागेल. तेही मिळालं असं धरा. मग समोरचा वकील विचारणार, रोज प्रत्येक सायकलला काच वाजवता की नाही? आणि मुलालाच बोलावलं तर? बोलावता येईल, समन्स काढता येईल. पण शपथेवर ‘मी आत होतो, काही बघितलं नाही’ म्हणाला, तर आज जी तडजोड मिळण्यासारखी आहे तीही हातची जाईल.

“तुम्ही त्याला ओळखता,” त्या भाऊजींना म्हणाल्या. “काय बोलेल तो?”

“आत होतो म्हणेल,” भाऊजी म्हणाले. “आणि मग त्याला झोप लागायची नाही.”

“तुम्हाला लागते का?”

भाऊजींनी मान सरळ करून खांबाआड घेतली. पण त्याला बोलवायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

ताईला हे पटलं नाही. तिचा संताप अंगात मावत नव्हता. भाऊजींना न सांगता ती एकटी बेकरीत गेली. गर्दीची वेळ होती, ती रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा म्हणाली, “काय बघितलंत ते सांगून टाका. एवढंच मागायला आलेय.” मागे माणसं उभी होती. त्याने खाली मान घालून एक पाव कागदात गुंडाळला, आणखी दोन गुंडाळले, आणि पैसे न घेता पुढे सरकवले. ताई म्हणाली, ‘मी तिथेच ठेवून आले. हातही लावला नाही.’ मला हे सांगताना तिचा आवाज चढला आणि मग एकदम बसला.

त्या काळात भाऊजींनी हाताचे सगळे व्यायाम केले. रबरी चेंडू दाबला, गरम पाण्यात बोटं हलवली. शेवटची दोन बोटं आत वळलेली ती वळलेलीच राहिली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट हलायचं, पण टोकांना स्पर्श कळत नव्हता. नवशिक्या कारागिराला फुग्यावर साबण लावून दाढी करायला शिकवतात. फुटला नाही म्हणजे हात बसला. एक दिवस भाऊजींनी ताईला फुगे आणायला सांगितलं. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. ताई बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत बसली होती, मीही होतो. पहिला फुगा फुटला. थोड्या वेळाने दुसरा. ताई घडी घातलेला शर्ट उलगडून पुन्हा घडी घालत होती. बऱ्याच वेळाने तिसरा फुटला. त्यानंतर आवाज आला नाही तो आलाच नाही. आम्हाला वाटलं जमलं. आत गेलो, तर भाऊजी ओट्याला टेकून उभे होते, फुगे संपले होते, आणि भिंतीवर, डब्यांवर, त्यांच्या भुवईवर साबणाचा फेस.

“पातं टेकलंय की नाही तेच कळत नाही,” ते म्हणाले. “माणसाच्या गळ्यावर कसं धरू?”

ताईने ओल्या फडक्याने आधी त्यांची भुवई पुसली, मग डबे.

तडजोड झाली. दोघांचाही निष्काळजीपणा, अर्धा अर्धा, असं ठरलं. भरपाई म्हणून जे आलं ते इस्पितळाचं देणं भागवण्यात गेलं, थोडं घरात आलं. सह्या करायला आम्ही समोरच्या वकिलाच्या ऑफिसात गेलो. या अपघाताबाबत यापुढे कोणताही दावा करणार नाही, असं एक वाक्य होतं. वकीलबाईंनी ते त्यांना दोनदा वाचून दाखवलं आणि कळलं ना विचारलं. भाऊजींनी डाव्या हाताने सही केली. ती कुणा दुसऱ्याचीच वाटत होती.

बाहेर व्हरांड्यात ती गाडीवाली बाई उभी होती. तिने भाऊजींच्या हाताकडे बघितलं, एक पाऊल पुढे आली. तिच्या वकिलाने हलकेच तिच्या कोपराला स्पर्श केला. ती थांबली. भाऊजींनीच तिला नमस्कार केल्यासारखी मान हलवली आणि आम्ही जिना उतरलो.

आता ते तरणतलावाच्या तिकीटखिडकीत बसतात. डाव्या हाताने तिकीट फाडून देतात. काचेआडची खुर्ची, क्लोरीनचा वास, आतून पोरांचा गलका. ओळखीचं कुणी आलं की ‘काय घरपोच, इथे कुठे?’ म्हणतं, आणि ते हसतात. त्यांची जुनी माणसं कुणी दुसऱ्याकडे गेली, कुणी दाढी वाढवली, कुणी गेलीच.

बेकरीवरचे बाबाही गेले. आम्हाला उशिरा कळलं. त्यानंतर काही दिवसांनी बेकरीवाला घरी आला. बेकरीचा धंदा त्याने विकायला काढला होता. ताईने दार उघडलं आणि तशीच आत निघून गेली. तो भाऊजींसमोर बसला आणि म्हणाला, “आता मी सांगतो, दादा. कुठे सांगायचं ते सांगा. लिहून देतो, शपथ घेतो, क्रेट मीच उचलले हेही सांगतो. आता माझं काय जाणार?”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे वाचनालयाच्या वर गेलो. वकीलबाई तिथेच होत्या. त्यांनी त्याचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. पेन टेबलावर आडवं ठेवलेलं होतं, ते त्यांनी उचललं नाही. ते बघूनच मला कळून चुकलं.

तडजोड झालेली आहे, सही झालेली आहे, त्या म्हणाल्या. फसवणूक झाली असती तर वेगळी गोष्ट होती. पण साक्षीदार तेव्हा बोलला नाही आणि आता बोलतोय, हे काही कारण होत नाही. हे प्रकरण पुन्हा उघडणार नाही. क्रेट ठेवल्याबद्दल तुम्हाला पालिकेत जाऊन सांगायचं असेल तर सांगा, दंड होईल. त्याने यांच्या हाताला काही होणार नाही.

“मग मी हे कुणाला सांगू?” त्याने विचारलं.

वकीलबाई खरं बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मला नाही माहीत.”

तेव्हापासून तो अधूनमधून घरी येतो. ताई चहा ठेवते, कप त्याच्यासमोर आणून ठेवते, पण त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. एकदा तो गेल्यावर तिने भाऊजींना स्पष्टच विचारलं, “याला घरात तरी का घेता तुम्ही?”

भाऊजी खुर्चीत बसून उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने सरळ करत होते. त्यांना ते दिवसातून कितीदा तरी करावं लागतं, नाहीतर आखडतात.

“मला आठवत नाही ना,” ते म्हणाले. “त्याने बघितलंय. तो आला की मी विचारतो, मी बेल वाजवली होती का. तो हो म्हणतो.”

“दर वेळी?”

“दर वेळी विचारतो.”

 ताई कप उचलून आत घेऊन गेली. नळ सुरू झाला, आणि तो बराच वेळ चालू राहिला.